पाचव्या तारेची हजेरी

माझा धंदा काय होता, हे मला चाळीस वर्षांत कुणालाही धड सांगता आलं नाही. मुलाची सोयरीक जमवताना "वडील काय करतात?" असा प्रश्न आला की आमच्या सौभाग्यवती "इलेक्ट्रॉनिक्सचं काहीतरी" म्हणून मोकळ्या व्हायच्या. समोरच्यांना वाटायचं, टीव्ही दुरुस्त करत असतील. नांदेडच्या माझ्या दुकानावर 'इंडस्ट्रियल कंट्रोल्स' अशी भारदस्त पाटी होती, त्यामुळे गल्लीतल्या बायका मिक्सर घेऊन यायच्या. मी तेही दुरुस्त करून द्यायचो. पाटीचा मान राखायचा तर मिक्सर परत पाठवावा लागला असता, आणि तेवढा मानी मी कधीच नव्हतो.

खरं काम असं: बोटाच्या पेराएवढी एक काळी चिप असते, मायक्रोकंट्रोलर. तिच्यात आपण एकदा प्रोग्रॅम भरून ठेवला की ती जन्मभर तेवढंच इमानेइतबारे करत राहते. कुठे शाळेची घंटा वाजव, कुठे काट्यावरचं वजन दाखव, कुठे मोटार बंद कर. अशा चिपा बसवलेले बोर्ड मी बनवायचो. माझी एक ख्याती होती की माझा बोर्ड लोडशेडिंगमध्ये दगा देत नाही. मराठवाड्यात त्या काळी वीज जायची ती सांगून जायची नाही आणि सांगितलेल्या वेळी यायची नाही. म्हणून माझ्या प्रोग्रॅमचा पहिला नियम होता, की कुठलीही नोंद आधी स्वतःच्या आठवणीत लिहून ठेव, मग कॉम्प्युटरकडे पाठव, आणि कॉम्प्युटरने 'मिळालं' असं कळवलं की मगच पुसून टाक. मध्येच वीज गेली तर परत आल्याबरोबर राहिलेली नोंद आधी पाठव. या नियमाचा मला फार गर्व होता. पुढे जे झालं ते याच नियमामुळे झालं.

पूर्वी कॉम्प्युटरच्या पाठीला नऊ पिनांचं एक तोंड असायचं. माझे सगळे बोर्ड त्या तोंडाशी बोलायचे. मग नवे कॉम्प्युटर यायला लागले आणि एके दिवशी ते तोंडच गायब झालं. जिकडेतिकडे यूएसबी. माझे बोर्ड धडधाकट, पण बोलायचं कुणाशी? मायक्रोकंट्रोलरला यूएसबी येत नव्हतं, आणि त्याला ते शिकवायचं म्हणजे सगळाच संसार नव्याने मांडायचा. त्यावर एक सोपा तोडगा निघाला: मधे एक वेगळी चिप बसवायची. देगलूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मी लहानपणी पाहिलेले काही लोक होते. त्यांचा स्वतःचा माल काहीच नसे. एका कानाने तेलुगू ऐकायचं आणि तोंडाने मराठी सांगायचं, की सौदा झाला. ही चिप तसली दुभाषी. एका बाजूला बोर्डाची जुनी बोली, दुसऱ्या बाजूला यूएसबी. जोडायला चार तारा लागतात. एक विजेची, एक जमिनीची, एक बोलायची, एक ऐकायची.

मी पाचवीही जोडायचो. त्या चिपेला आणखी एक पाय असतो. कॉम्प्युटरवर आपला प्रोग्रॅम उघडला की त्या पायावर एक टिचकी बसते. ती तार मायक्रोकंट्रोलरच्या रिसेटला जोडली, म्हणजे टिचकीसरशी तो झोपेतून उठल्यासारखा पहिल्यापासून सुरू होतो. याचा फायदा एवढाच, की बोर्डात नवा प्रोग्रॅम भरायचा तर डबा उघडून बटण दाबावं लागत नाही. म्हणजे माझे दोन स्क्रू काढण्याचे कष्ट वाचायचे. पाचव्या तारेचं मूळ कारण आळस, दुसरं काही नाही.

हा सगळा काळ लातूरच्या क्लासेसच्या भरभराटीचा. पहाटेपासून सायकली, पाठीवर पोत्याएवढ्या बॅगा, प्रत्येक गल्लीत हॉस्टेल आणि प्रत्येक विजेच्या खांबावर गुणवंतांचे फोटो. आईबाप खेड्यात, लेकरं लातुरात. त्यामुळे हजेरीच्या मशीनला सोन्याचे दिवस आले. पोरीने दारातल्या मशीनला कार्ड दाखवलं की मशीन पीप करायचं, छोट्या पडद्यावर तिचं नाव यायचं, आणि गावाकडे बापाच्या मोबाईलवर मेसेज जायचा: 'आपली पाल्य अमुक आज हजर आहे.' अशी कितीतरी मशीनं माझी होती. एका क्लासच्या संचालकांनी मला विचारलं होतं, उशिरा आलेल्या पोराचा मेसेज बापाला लाल अक्षरात पाठवता येईल का. मी त्यांना सांगितलं, बाप आपोआप लाल होईल, अक्षरं काळीच राहू द्या.

ज्या क्लासची ही गोष्ट आहे, त्यांनी उन्हाळ्यात सगळे कॉम्प्युटर नवे घेतले आणि मी त्यांच्या मशीनला दुभाषी चिप लावून दिली. पाच तारांनी. पुढे हिवाळ्यात एका दुपारी तिथल्या ऑफिस सांभाळणाऱ्या नलिनीताईंचा फोन आला. नलिनीताई म्हणजे एकाच वेळी तीन पालकांशी भांडू शकणारी बाई. त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक होता.

"काका, तुम्ही येऊन जा. एक पालक सकाळपासून बसलेत. उठतच नाहीत."

"मशीन बिघडलंय का?"

"तेच कळत नाहीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने अहमदपूरमार्गे लातूरला पोचलो. ऑफिसातल्या बाकावर एक पन्नाशीचा माणूस बसलेला. स्वच्छ पांढरा शर्ट, नखांत मात्र कायमचं ग्रीस. बालाजीराव त्यांचं नाव. किल्लारीच्या बाजूच्या एका गावचे, साखर कारखान्यात फिटर. त्यांची मुलगी सुमन इथे बारावीला, मेडिकलच्या तयारीला. आदल्या दिवशी बसले होते ते रात्री पाहुण्याकडे टेकून सकाळी परत येऊन बसले होते. संचालक त्यांना "सर्व्हरची चूक आहे" एवढं सांगून केबिनमध्ये शिरले ते बाहेर येत नव्हते.

"साहेब, मशीन तुमचं का?" बालाजीरावांनी मला विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग तुमीच सांगा. माझी लेक सोमवारपासून घरी हाय. ताप आलाय, मीच घेऊन गेलो. मंगळवारी सकाळी तिला पेज पाजून राहिलो अन् मोबाईल वाजला. सुमन आज हाजर हाय म्हणून. बुधवारी परत. बेस्तरवारी परत. लेक माझ्या म्होरं खाटंवर, अन् सुमन इथं हाजर. कोण हाय ती?"

"मशीनची काहीतरी गफलत असेल," मी म्हणालो.

"मी बत्तीस वर्सं मशीनीवर काम करून राहिलो साहेब. मशीन बंद पडतंय, तुटतंय. खोटं कामून बोलंल? त्याला काय मिळतंय?"

हा प्रश्न मला कुणी इंजिनियरने कधी विचारला नव्हता. मग ते खाली बघत पुढचं बोलले.

"आमची थोरली भूकंपात गेली. सहा वर्सांची व्हती. तिचंबी नाव सुमनच."

ज्यांनी तो भाग त्या दिवसांत पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. भूकंप झाला तेव्हा मी नांदेडात होतो, आमच्याकडे नुसती भांडी वाजली. पुढे महिन्याभराने मी आणि दोघे मित्र पत्र्यांच्या शेडमधल्या लोकांचे रेडिओ दुरुस्त करायला गेलो होतो, तेवढीच आमची सेवा. लोक ढिगाऱ्यातून काढलेले रेडिओ घेऊन यायचे. एका रेडिओतली माती झटकून मी सेल घातले, तर त्याचं बटण चालूच होतं. तो एकदम मोठ्या आवाजात शेतकऱ्यांना कापसाविषयी सल्ला देऊ लागला. ज्या बाईने तो आणला होता ती ओरडून मागे सरकली. तिच्या घरात शेवटचं ते बटण कुणी फिरवलं असेल, हे तिला ठाऊक होतं. त्या शेडमधून घरी आल्यावर बरेच दिवस मी रेडिओ लावला नाही.

आणि आणखी एक गोष्ट तिकडच्या सगळ्यांना माहीत आहे. ज्यांची लेकरं गेली त्या कितीतरी आयांची मूल बंद करण्याची ऑपरेशनं आधीच झालेली होती. सरकारी दवाखान्यात ती ऑपरेशनं पुन्हा उलटवून दिली गेली. त्यानंतर जी लेकरं जन्मली, ती पुष्कळ घरांत नवी मानलीच गेली नाहीत. गेलेलंच परत आलं, असं धरलं. बालाजीरावांच्या बायकोनेही तसंच धरलं होतं आणि दुसऱ्या मुलीला पहिलीचंच नाव ठेवलं होतं. वर्गातल्या अश्विनी, प्रियंका, पूजांमध्ये तिचं नाव आधीच्या पिढीतलं वाटे, त्याचं कारण हे.

"बायको म्हणून राहिली, हाजरी आली," बालाजीराव म्हणाले.

या शब्दापाशी मी अडखळलो. क्लासमधली हजेरी निराळी. आमच्याकडे दर्ग्यात बेस्तरवारी एखादी बाई घुमायला लागते, अंगात आलेलं बोलायला लागतं, त्यालाही 'हाजरी' म्हणतात. मेसेजचा मजकूर मीच लिहून दिला होता. 'हजर आहे' असं लिहिताना ते कोणत्या गावी, कोणत्या घरात वाचलं जाईल, याचा मी विचार केला नव्हता.

"ती म्हणती, मी समजत व्हते थोरलीच परत आली. थोरली तर तिथं हाय, हाजर हाय. मग ही घरात हाय ती कोण? दोन दिस झाले, पोरीच्या अंगाला हात लावंना ती. पोर तापानं फणफणून राहिली, अन् आई लांबून बघती."

नलिनीताईंनी पदराने कपाळ पुसलं. मग त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की वर्गातल्या मुलींना हे कळलंय, सुमनच्या बाकावर तीन दिवस कुणी बसलेलं नाही, आणि मी जरा झाडूवाल्या मावशींशी बोलावं.

मावशी व्हरांडा पुसत होत्या. मी विचारलं तशा त्या अजिबात बिचकल्या नाहीत.

"रोजच येती की ती. दोन म्हैने झाले आसतील. ताई कॉम्पुटर लावत्यात, की पयली तीच. दारात कोणीच नसतंय. पीप वाजतंय, अन् सुमन म्हणून लिहून येतंय. मला वाचता येतंय तेवढं. मी म्हणते, आलीस का माय?"

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोणाला तरास न्हाई देत ती. कामून सांगू?"

मी मशीनपाशी आलो. व्हरांड्यात ऊन होतं, वर्गात रसायनशास्त्र चाललं होतं, आणि मला घाम फुटला होता. नलिनीताईंना म्हटलं, हजेरीचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. दारात मी एकटा. कार्ड एकही नाही. आतून माऊसचा टिक असा आवाज आला, मशीनचा पडदा एकदा विझला, लागला, पीप झालं, आणि इंग्रजी अक्षरांत 'सुमन' उमटलं. माझ्याच हातचं मशीन, माझाच प्रोग्रॅम, आणि माझ्याच अंगावर काटा आला. मागे वळलो तर बालाजीराव हात जोडून उभे होते.

मी पुन्हा उघडायला लावलं. पुन्हा 'सुमन'. केबल काढून दुसऱ्या भोकात घातली. 'सुमन'. सुमनचं कार्ड गावी तिच्या बॅगेत होतं, हे मी बालाजीरावांना तीनदा विचारून घेतलं. चौथ्यांदा विचारल्यावर ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

डबा उघडून बसलो. दुपारचं जेवण राहिलं. चार वाजता कुठे डोक्यात उजेड पडला, आणि तो पडल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. झालं होतं ते असं. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी सुमनने कार्ड दाखवलं आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. बोर्डाने नियमाप्रमाणे तिची नोंद आठवणीत लिहिली होती, पाठवायची राहिली. वीज आल्यावर त्याने ती पाठवली. कॉम्प्युटरने 'मिळालं' असं कळवलंही. पण नुकता जागा होऊन राहिलेली नोंद पाठवताना माझा बोर्ड आधी बोलायचा आणि मग कान उघडायचा. जुना कॉम्प्युटर सावकाश उत्तर देई, तोवर कान उघडलेला असे. नवा कॉम्प्युटर भलताच चपळ. त्याचं उत्तर कान उघडण्याआधीच येऊन जाई. बोर्ड बिचारा समजे, नोंद पोचली नाही. मग ती तशीच ठेवून दे, पुढच्या वेळी पाठव. आणि पुढची वेळ रोज सकाळी येत होती, कारण नलिनीताईंनी प्रोग्रॅम उघडला की पाचव्या तारेतून टिचकी बसे आणि बोर्ड पहिल्यापासून जागा होई. बोर्डाला घड्याळ नव्हतं, तारीख कॉम्प्युटर घालायचा, आजची. सुमन रोज येतच होती आणि मेसेज दिवसातून एकदाच जायचा, त्यामुळे दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. ती तापाने पडली तेव्हा उघडकीला आलं.

पकडीने पाचवी तार तोडली. नलिनीताईंना प्रोग्रॅम उघडायला लावलं. पीप नाही. पडदा गप्प. मी बालाजीरावांना सगळं पहिल्यापासून समजावलं. ते फिटर होते, तार आणि टिचकी त्यांना लगेच कळली. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी ती नव्हतीच?"

"नव्हती," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काही दिसेल असं मला वाटलं होतं. त्यांनी त्या तुटलेल्या तारेची दोन टोकं बोटांनी पुन्हा जुळवून पाहिली. मला फार अपराधी वाटलं. मावशी बादली उचलता उचलता म्हणाल्या, "आता कवा आली ते कळायचं न्हाई." आणि निघून गेल्या.

"साहेब, मला पटलं," बालाजीराव शेवटी म्हणाले. "पण तिची आई पोरीला लातूरला पाठवीना. दोन म्हैन्यांवर परीक्षा आली. अन् परीक्षा ऱ्हाऊ द्या, त्या घरात पोरीला पाणीबी मीच देऊन राहिलो. मशीन घेऊन तुमी घरी चला. जे मला दावलं ते तिला दावा."

संचालकांनी मशीन बाहेर न्यायला परवानगी दिली, एवढंच त्यांचं या प्रकरणातलं योगदान.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने गेलो. नव्याने वसवलेली ती गावं मला आजही परकी वाटतात. रस्ते आखीव, एकेका रांगेत सगळी घरं सारखी, अंतर राखून उभी. शेजारणीला हाक मारायची तर आवाज चढवावा लागतो. अकराची वेळ, तरी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. लांब जुन्या गावठाणाच्या जागी बाभळी माजलेल्या दिसत होत्या. एकसारख्या घरांतून बालाजीरावांनी आपलं घर बरोबर ओळखलं, याचं मला नवल वाटलं.

आत खाटेवर सुमन बसलेली. किडकिडीत, ताप उतरलेला, मांडीवर जाड पुस्तक. तिची आई स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती आणि तिथून पुढे येत नव्हती. मी खुर्चीवर लॅपटॉप ठेवला, शेजारी स्टुलावर मशीन. तोडलेली तार मी जीपमध्ये बसण्याआधी पुन्हा सोल्डरचा डाग देऊन जोडून घेतली होती, कारण दाखवायचं ते पूर्ण दाखवायचं.

"वहिनी, बघा," मी म्हणालो. "इथं कुणी कार्ड दाखवत नाही. मी नुसतं हे उघडतो."

पीप झालं. 'सुमन'.

मी पुढचं समजावायला तोंड उघडलं, तर ती बाई चौकटीतून झपाझप चालत आली, मशीनपुढे उकिडवी बसली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "जेवलीस का गं? तिकडं कोण वाढतंय तुला?"

माझ्या हातात पकड होती, आणि तिचं काय करायचं ते मला सुचेना. माझ्या मशीनला कार्ड आणि टिचकी एवढंच कळत होतं, आणि ती त्याला जेवणाचं विचारत होती. मी त्या बाईला पाचव्या तारेविषयी काय सांगणार होतो?

"आई," खाटेवरून सुमन म्हणाली. "ते माझं कार्ड हाय. ती मी हाय."

आईने मान वळवली नाही.

मग सुमन माझ्याशी बोलायला लागली. अगदी शांतपणे, वर्गात शंका विचारावी तसं. "काका, तुमच्या मशीनची चूक बाबांनी मला फोनवर सांगितली. मला कळली. तिथं मी नसले तरी माझी हाजरी लागली. दोन म्हैने. पण त्याचं मला काय वाटलं न्हाई. इथं घरात मी असले तरी हाजरी तिचीच लागती. सोळा वर्सं झाली. मी वर्गात पयली आले की आई म्हणती, थोरली असती तर अशीच आली असती. मला ताप आला तर तिला असाच यायचा. माझ्या वाढदिवसाला आई तिचं वय मोजती. आता तुमच्या मशीननं सांगितलं की ती लातूरला हाय. मग मी कुठं हाजर हाय?"

बालाजीराव भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. मी इतकी वर्षं मशीनला बोलतं करत आलो, पण त्या घरात इतक्या दिवसांत कुणी काही ऐकलं नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. मला रडू आलं. लपवायला मी मल्टिमीटर शोधत बसलो.

"पुसता येतंय का हे?" थोड्या वेळाने आईने विचारलं. आवाज आता वेगळा होता, दमलेला.

"येतं. एक बटण दाबायचं."

"पुसलं की ती जाईल?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. "वहिनी, ती यात आलीच नव्हती," मी म्हणालो. "ही पोर आली होती. त्या संध्याकाळी वीज गेली तेव्हा दारात हीच उभी होती."

त्या बाईने पडद्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग म्हणाली, "पुसा." मी नोंद पुसली. तार तोडली. प्रोग्रॅम पुन्हा उघडून दाखवला. काही वाजलं नाही. तिने डोळ्याला पदर लावला, आणि इतक्या वर्षांत रडायचं राहून गेल्यासारखी ती रडली. पोर खाटेवरून उतरली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर जाऊन बसली. त्याहून जवळ जायचा तिला धीर झाला नसावा.

आता एक काम राहिलं होतं. मशीनमध्ये नाव नव्याने भरायला हवं होतं, कारण नोंदीबरोबर मी तिचं जुनं खातंही खोडून टाकलं होतं, पुन्हा घोळ नको म्हणून. मी लॅपटॉप पुढे ओढला आणि सवयीने विचारलं, "नाव काय टाकू?"

"सुमन," आई म्हणाली.

"थांब," बालाजीराव म्हणाले. "साहेब, तिला विचारा."

मी पोरीकडे बघितलं. ती गोंधळली. एवढी हुशार पोर, पण या प्रश्नाची तयारी तिची नव्हती. मी सांगितलं, की दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि फॉर्मवर जे आहे ते तसंच राहील, इथे फक्त पडद्यावर काय दिसावं एवढंच. सोळा अक्षरं मावतात. बालाजीरावांनी स्वतः उठून चहा टाकला. चहा झाला, बशा खाली ठेवल्या, तरी ती विचारच करत होती.

"पूजा," ती म्हणाली.

"तुमच्या वर्गात आधीच चार पूजा आहेत," मी म्हणालो. "यादी माझ्याकडे आहे."

"असू द्या," ती म्हणाली. "मला तसंच पायजे."

मी टाइप केलं. तिच्या बॅगेतलं कार्ड काढून तिनेच मशीनला दाखवलं. पीप झालं, आणि पडद्यावर 'पूजा' आलं. आई ते बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, तिने नवऱ्याला विचारलं, त्याने सांगितलं. तिने ओठातल्या ओठात ते दोनतीनदा म्हणून पाहिलं. मग मान वर करून, पोर हातभर अंतरावर बसलेली असताना, लांबच्या कुणाला बोलवावं तसा आवाज काढून तिने हाक मारली. पहिल्यांदा "सु" एवढंच आलं आणि ती थांबली. पुन्हा श्वास घेतला.

"पूजा!"

"ओ," पोर म्हणाली.